एकोणसाठ हात

नवऱ्याची छाती आतून बघितलेली बाई आहे मी. वाडीत हे सांगितलं की बायका तोंडाला पदर लावून हसतात. "इंदे, आमाला बाहेरनं बघायची चोरी, अन् तू आतनं बघून आलीस व्हय!" हसा बायांनो. मी तीस तास बघितली. चहाएवढ्याही वेळात लोकांचे संसार मोडतात, माझा तीस तासांत कसा राहिला ते ऐका.

आधी आमचा धंदा सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची वाडी कोयनेच्या खोऱ्यात, कड्याच्या पायथ्याला. कड्यावर आग्या माशीची मोहोळं लागतात, दोन-दोन हात लांबीची. आमची माणसं दोरावर लोंबकळून ती कापतात. आता सरकारी यंत्र आकाशातून मोहोळं मोजतं, कुठलं कापायचं अन् कुठलं सोडायचं ते फोनवर सांगतं. पण कापायला माणूसच लागतो. त्यात एक रीत आहे, आमच्या आज्याच्या आज्यापासूनची. दोर बायकोनं वळायचा, नवऱ्यानं लटकायचं, आणि वर दोर धरायचा तो मेहुण्यानं. कमरेला टोक बांधून. सख्खा भाऊसुद्धा चालत नाही, वाटणीच्या वेळी त्याचं मन कुठं जाईल सांगता येत नाही. पण बायकोचा भाऊ? तो काय बहिणीचं कुंकू पुसणार हाय? एकदा दोर कमरेला बांधला की मेहुणा तो कापत नाही. ही आमच्यातली शपथ.

वन खात्यानं लोखंडी कड्या आणि पट्टे दिलेत. साहेब आले की आम्ही कड्या ठोकतो. साहेब गेले की मेहुणा. मूर्खपणा म्हणा, मी नाही म्हणणार नाही.

माझ्या नवऱ्याचं नाव बबन ढेबे. वर दोर धरणारा माझा धाकटा भाऊ, जोतिराम. लगीन केलं नाही, आमच्यातच राहायचा, आणि जिभेला हाड नाही. दर खेपेला दोर ताणला की वरून ओरडायचा, "आक्का, दाजींना भाकरी कमी घाल! दोर कुरकुरतोय!" खालून हे शिव्या द्यायचे. मी कड्याच्या पायथ्याला डबे घेऊन उभी, हसत.

त्या दिवशी मी तिथं नव्हते. महिला गटाच्या बाटल्या भरायच्या होत्या. सकाळी आठच्या सुमाराला फोन आला. ज्या उंबराला दोराचा वेढा दिला होता तो मुळासकट सुटला. हे पंधरा-वीस हात खाली कपारीवर छातीवर आपटले. रुग्णालयाची उडती डोली आली, तिच्यातनं ह्यांना नेलं. जोतीचं कोणी काही बोलेना.

*

डोलीनं बावीस मिनिटांत त्यांना घाटाखालच्या अपघात रुग्णालयात पोचवलं होतं. मी जीपनं पोचले तेव्हा डॉक्टर अस्मा मुल्ला दारातच भेटल्या. बारीक चणीच्या, पायात रबरी चपला, बोलणं मात्र दगडावरची रेघ.

"ताई, शिक्षण?"

"बारावी."

"मग नीट सांगते. हृदयातून एक मोठी रक्तवाहिनी निघते, महाधमनी. अंगठ्याएवढी जाड. छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला धरून खाली जाते. वळणापुढचा भाग कण्याला घट्ट बांधलेला असतो, हृदय मात्र मोकळं असतं. माणूस उंचावरून आपटला की हृदय पुढं हिसकतं आणि कणा जागेवर राहतो. ओढ बसते ती नेमकी वळणाशी. तिथं फाटतं."

"फाटली?"

"तीन थर असतात. आतले दोन फाटलेत. बाहेरचा राहिलाय, कांद्याच्या पापुद्र्याएवढा. त्यावर तुमचे मालक जिवंत आहेत. अशी दहा माणसं असली तर आठ जण जागेवरच जातात."

मी भिंत धरली. बाई थांबल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांना आजही मानते. दया दाखवली असती तर मी तिथंच बसले असते.

"माझ्या गुरूंच्या काळात छाती उघडून कापडाची नळी शिवायचे. मग मांडीतून जाळीची नळी वर सरकवायला लागले. पण ह्यांचं फाटलंय ते डाव्या हाताच्या आणि मेंदूच्या फाट्याला चिकटून, जाळी घातली तर फाटे बुजतात. म्हणून आपण ती घालायची." त्यांनी काचेची छोटी कुपी दाखवली. आत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी काळं, त्याला आठ केसासारखे पाय. "सिस्टर लोक हिला कोळीण म्हणतात. मांडीतून वर जाईल, फाटलेल्या जागेवर बसेल आणि विणेल. धागा रेशमाचा, त्यात ह्यांच्याच चरबीतल्या पेशी भरलेल्या. जाळी परकी असते, ही भिंत ह्यांची स्वतःची होणार. तीस तास लागतात."

"तीस तास? येवढ्याशा जागेला?"

"ती फक्त दोन ठोक्यांच्या मधे विणते, ताई. ठोका पडला की चिकटून बसायचं. शांत झालं की एक धागा. मिनिटाला पंचावन्न ठोके धरा. तीस तासांत जवळजवळ एक लाख धागे."

एक लाख. मी दोर वळणारी बाई, मला तो आकडा कळला.

"आता कठीण ते ऐका. वरचा दाब शंभराच्या आत राहिला पाहिजे. एकशेवीसला कोळीण काम थांबवते. एकशेचाळीसला पापुद्रा फुटेल, मग माझ्या हातात काही नाही. झोपवता येत नाही, कारण कण्याला रक्त नेणाऱ्या फांद्या तिथूनच फुटतात. एखादी बुजली तर पाय जातील, म्हणून दर पंधरा मिनिटांनी त्यांनी बोटं हलवून दाखवायची. आणि हृदयालाही मुका मार आहे, दाबाचं औषध मी निम्मंच देऊ शकते. उरलेलं निम्मं त्यांनी स्वतः आणायचं. शांत राहून. घाबरायचं नाही, रडायचं नाही, चिडायचं नाही. एकही वाईट बातमी त्यांच्या कानावर जाता कामा नये."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. तेव्हाच मला जोतीचं कळलं.

*

हे पडले होते सरळ, डोळे छताला. छातीवर भला मोठा काळानिळा डाग. शेजारी पडदा, आणि त्या पडद्यावर ती आतली जागा.

देवाशपथ सांगते, मी असं काही पाहिलं नव्हतं. लाल अंधारा बोगदा, आणि दर ठोक्याला तो बोगदा श्वास घेतल्यासारखा फुगायचा. एका बाजूला चिंधी लोंबत होती, पाण्यात शेवाळ हलावं तशी. तिच्या काठावर ती कोळीण. रक्ताचा लोंढा आला की आठही पायांनी गच्च. लोंढा ओसरला की पटकन एक पांढरा धागा, इकडून तिकडं. परत गच्च. हे सगळं ह्या माणसाच्या आत? ज्याला मी वीस वर्षं भाकरी थापून घातली, त्याच्या आत येवढं चाललेलं असतं?

आणि मग मला ऐकू आलं. हे गुणगुणत होते. ओठ मिटून, अगदी बारीक, लांबलचक "हूंऽऽ".

डॉक्टर आकड्यांकडं बघत होत्या. "नाडी बावन्न. औषध निम्मं देऊन! हे काय करताहेत, ताई?"

"माशी बसवतायत," मी म्हटलं.

आग्या माशीला माणसाचा श्वास कळतो. तुम्ही धापा टाकल्या की श्वासाची वाफ तिला लागते आणि सगळं मोहोळ उठतं. म्हणून आमच्यात पोराला दोरावर चढवायच्या आधी दोन वर्षं हे शिकवतात. नाकानं घ्यायचं, गुणगुणत सोडायचं, लांब. सोडताना काळीज आपोआप हळू होतं. समोर दहा हजार नांग्या असताना काळीज हळू करायचं. त्याला आम्ही माशी बसवणं म्हणतो.

मुल्लाबाई खुर्चीत बसल्याच. "आम्ही हे औषधानं करायला बघतोय," एवढंच म्हणाल्या.

*

दुपारी पोलीसपाटील गेणूतात्यांचा फोन आला. मी बाहेर व्हरांड्यात गेले.

"इंदे, जोती ओढ्यात घावला. गेला गं."

मी हूं म्हटलं.

"अजून येक हाय. आत्ता सांगावं का न्हाई कळंना." ते घुटमळले. "कमरंचा दोर कापलेला हाय. तुटल्याला न्हाई, कापल्याला. धारेनं, साफ. लोक बोलाय लागल्यात."

"काय बोलाय लागल्यात?"

"तूच समज आता."

मी समजले. मेहुणा दोर कापत नाही. मग कापला कोणी? जोतीचा कोयता सोडला तर कड्यावर पातं एकच होतं. मोहोळ कापायची सुरी, ह्यांच्या मनगटाला बांधलेली.

जोती खाली लोंबकळत असणार आणि हे कपारीवर. ओढ लागली असणार. स्वतःचा जीव वाचवायला ह्यांनी सुरी चालवली असणार.

"तात्या, मी येईपर्यंत अग्नी द्यायचा न्हाई," मी म्हटलं. "अन् ह्यांना कुणी फोन लावायचा न्हाई." फोन ठेवला, तोंड धुतलं आणि आत गेले.

आत गेले आणि हसले. होय, हसले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

"जेवलीस?" हे म्हणाले.

"जेवले."

"बोटं हलवा," सिस्टर म्हणाली. ह्यांनी दोन्ही पायांची बोटं हलवली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. हे जोतीचं विचारत का नाहीत? कड्यावर त्याच्या भरवशावर लोंबकळलेला माणूस, शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारेल? जोती कुठाय? एकदाही नाही. गाईला वैरण टाकली का, बाटल्या भरून झाल्या का, सगळं विचारलं. जोतीचं नाव नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. माझं मन किती काळं झालं होतं ते मी आज लपवणार नाही.

पडद्यावर कोळीण विणत होती. मी तिच्याकडं बघत बसले आणि विचार आला, माझ्या हातात केवढी सत्ता आलीय! हत्यार नको, विष नको. एवढं विचारायचं, "दोर कुणी कापला?" दाब एकशेचाळीस, आणि पापुद्रा फट. कोणी मला दोषही देणार नाही. असं यंत्र काढलं माणसानं, की नवऱ्याचं काळीज बायकोच्या जिभेवर टांगलेलं पडद्यावर दिसतं.

एकदा तोंड उघडलंसुद्धा. "अवो..."

ह्यांचं गुणगुणणं थांबलं. आकडा शहाण्णव होता.

"काय गं?"

"काय न्हाई. तान लागली का?"

"न्हाई."

परत हूंऽऽ सुरू झालं. मी साडीचा बोळा मुठीत धरून बसले. रात्रभर ते दर पंधरा मिनिटांनी बोटं हलवत होते आणि मी मनातल्या मनात भावासाठी रडत होते, डोळ्यांतून टिपूस न काढता. पहाटेपर्यंत ती लोंबती चिंधी अर्धी पांढऱ्या विणकामाखाली गेली होती. राग होता, तरी डोळा हटत नव्हता. इतकं सुबक काम मी कुठल्या हातमागावर बघितलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला सिस्टरनं प्लास्टिकची गोणी आणून दिली. "पेशंटचं सामान, मावशी. इथं सही करा."

मी ती व्हरांड्यात उघडली. कात्रीनं फाडलेला शर्ट, सुरी आणि मधानं चिकट झालेला दोर. भलं मोठं वेटोळं.

हात आपोआप मोजायला लागले. दोर मी वळते, घायपाताच्या वाखाचा, साठ हात. दर पाच हातांवर लाल दोरा गुंफते, म्हणजे लटकणाऱ्याला खोली कळते. अगदी शेवटच्या हातावर हिरवा दोरा, माझ्या लग्नातल्या साडीच्या काठाचा. तो हिरवा हात मेहुण्याच्या कमरेला.

पाच. दहा. पंधरा. वेटोळं सुटत चाललं. चाळीस. पन्नास. पंचावन्नाचा लाल. मग छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ.

आणि कापलेलं टोक. हिरवं नव्हतं.

मी तिथंच फरशीवर बसले. ह्यांनी कापला असता तर दोर त्यांच्या बाजूनं कापला गेला असता. सगळं वेटोळं जोतीबरोबर ओढ्यात गेलं असतं. इथं तर एकोणसाठ हात नवऱ्याकडं आणि एकच हात भावाकडं. कमरेजवळून कापलाय. तिथं हात पोचणारा माणूस एकच. जोतीच्या कमरेला, लाकडी आकडीत अडकवलेला, झुडपं तोडायचा कोयता असायचाच की!

"कमरेला किती दोर राहिलाय?" एवढं तात्यांना विचारलं असतं तर चोवीस तास मी माझ्या माणसाला खुनी समजून बसले नसते. पण आमच्यातली कोणीच बाई ते विचारणार नाही. मेहुणा दोर कापत नाही ना! शपथेनं माझे डोळे बांधले होते.

माझा जोत्या. शपथ मोडली रे बाबा तू. शपथ मोडून बहिणीचं कुंकू राखलंस.

ओरडावंसं वाटलं. पण आत अजून चार तासांचं काम बाकी होतं, तेरा हजार धागे. मी मुठीनं तोंड दाबून धरलं. मग नळाखाली तोंड धरलं, पदर नीट केला आणि हे करतात तसं नाकानं श्वास घेऊन लांब सोडला. पाच वेळा. बघितलं, होतं काळीज हळू.

आत गेले, त्यांचा हात हातात घेतला. ह्यांच्या नाकपुड्या हलल्या. माझ्या हातांना मधाचा वास येत होता.

त्यांनी माझ्या बोटांकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "मोजलास?"

"व्हय."

"किती भरला?"

"एकोणसाठ हात."

मी पडद्याकडं बघितलं. नाडी चोपन्न. दाब अठ्ठ्याण्णव. कोळीण एक क्षण थांबली असं मला वाटलं, पण नाही, तिनं धागा टाकला. ह्यांनी डोळे मिटले आणि परत ते हूंऽऽ सुरू झालं. ह्या खेपेला मीही ओठ मिटून त्यांच्याबरोबर गुणगुणले. चार तास. सिस्टर येऊन बघून गेली.

*

पाच वाजून गेल्यावर मुल्लाबाईंनी कोळीण बाहेर काढली. पुन्हा कुपीत ठेवली, दाण्याएवढी. पडद्यावर आता चिंधी नव्हती. तिथं एक पांढरट पट्टा होता, आणि दर ठोक्याला तो बाकीच्या भिंतीबरोबर हलत होता. आपलाच असल्यासारखा.

"आपलाच आहे तो आता," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जड झाला होता. ही त्यांची अकरावी वीण होती, तरी. "शेवटची एक पायरी. भिंत भार घेते का ते बघायला औषधानं दाब थोडा थोडा चढवतो. सावकाश."

"औषध कशाला, मॅडम," मी म्हटलं. "मी बोलते त्यांच्याशी."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. त्यांना जोतीचं माहीत होतं. दाब उतरवायची सुई त्यांनी हाताशी घेतली. "बोला. मी थांब म्हटलं की थांबायचं."

मी ह्यांच्या उशाशी बसले. तीस तास घशात अडकलेलं विचारलं.

"इतक्या वेळात त्याचं नाव का काढलं न्हाई तुमी?"

"काढलं असतं तर तुला खोटं बोलाया लागलं असतं," हे म्हणाले. "तुझं खोटं माज्याच्यानं ऐकवलं नसतं."

एकशेदहा.

"काय झालं वर?"

"उंबर सुटला. तुजा भाऊ फरफटत आला, पर दोर सोडंना. त्याच्या वजनावर मी कपारीला टेकलो, न्हाईतर थेट ओढ्यात व्हतो. मग तो माज्या अंगावरनं खाली गेला. लोंबकळला. मला दिसत नव्हता, इंदे. नुसता आवाज यायचा. अन् मी सरकत व्हतो. बोटा-बोटानं."

एकशेअठ्ठावीस. "चालू द्या," बाई हळू म्हणाल्या.

"मी वरडलो, हालू नगं, मानसं येत्यात. त्यो म्हनला, दाजी, तुमी सरकताय. मी म्हनलं, सरकू दे. त्यो गप बसला. मला कळलं त्यो काय करतोय. मी आईची आन घातली त्याला."

एकशेचव्वेचाळीस. पापुद्रा कधीच फुटला असता असा आकडा. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी कानात ओघळत होतं. मी पडद्याकडं बघितलं. पांढरा पट्टा ताणला, फुगला आणि परत जागेवर आला.

"काय म्हनला हो शेवटी?"

एकदम ह्यांच्या छातीतून हुंदका फुटला, पुरुष माणसाचा, दार मोडल्यासारखा, आणि त्यातून शब्द आले.

"म्हनला, आक्काला सांगा, दाजी. ह्या खेपंला जड मी झालोय."

त्यानंतर आम्ही दोघांनी काय आक्रोश केला ते त्या दवाखान्याला माहीत. एकशेसाठ. एकशेअडुसष्ट. मी त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं होतं, तरी एक डोळा पडद्यावर होता. प्रत्येक हुंदक्याला ते एक लाख धागे ताणत होते, आणि धरत होते.

मुल्लाबाईंनी सुई खाली ठेवली. स्वतःचे डोळे बाहीनं पुसले.

"रडा," त्या म्हणाल्या. "दोघंही पोटभर रडून घ्या. आता काही होत नाही त्या विणीला."